दक्षिणेच्या भिंतीवर आप्पा

लग्नानंतर मी भिलाईला निघाले, तेव्हा नगरच्या स्टेशनावर मला पोचवायला नातेवाइकांपेक्षा क्लबातली माणसंच जास्त आली होती. पेटीवाले दिनूकाका होते, तबल्याचे दोघे होते, आणि सतारवाले एक मास्तर इंजिनाचा धूर सोसत नाही म्हणून तोंडाला उपरणं लावून उभे होते. माझे वडील, आप्पा, मात्र फलाटावर नव्हतेच. ते डब्यात चढून माझ्या खिडकीचे गज एकेक करून हलवून बघत होते. मग त्यांनी बाकाखाली वाकून पाहिलं, दाराची कडी लावून काढून बघितली, समोर बसलेल्या म्हाताऱ्याला कुठला, कुठे चाललाय, घरी कोण कोण असतं, सगळं विचारून घेतलं. "गज पक्के हायेत. म्हातारा बी बरा हाय," ते मला म्हणाले. "भ्यायचं न्हाई." शिट्टी झाली तरी त्यांची तपासणी चालूच. शेवटी आईनं खालून हाक मारली, "अवो, उतरा की. का तुमीच नांदायला जाताय?" सगळे हसले. माझे यजमानसुद्धा हसले. मी हसले नाही. मला वाटत होतं, आप्पा आता चालत्या गाडीतून उतरणार आणि चाकाखाली जाणार.

गेले नाहीत. नीट उतरले, गाडीबरोबर थोडं चालले आणि फलाट संपला तिथे थांबले.

हे सांगितलं ते एवढ्यासाठी, की मी कशी आहे ते आधीच कळावं. मी भित्री आहे. दार वाजलं की माझ्या मनात आधी वाईट बातमी येते आणि मग दूधवाला येतो. आई म्हणायची, "शाले, मन चिंती ते वैरी न चिंती." तिचं खरं होतं. माझं वाईट चिंतणारा वैरी जगात कुणी असेल असं वाटत नाही, आणि असलाच तर त्याला फारसं काम उरलेलं नाही. हे मी लिहिते आहे ते नगरजवळच्या आमच्या भिंगारात मागे राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठी. दोघांनाही वाटत असतं की भीती आपल्याच वाट्याला आली आहे.

भिलाईत मला घर मिळालं नाही, क्वार्टर मिळालं. गल्ली नाही, सेक्टर मिळाला. शेजारी एका बाजूला बंगाली, दुसऱ्या बाजूला तेलुगू, समोर पंजाबी, आणि सगळ्यांची मिळून एक मोडकीतोडकी हिंदी. 'हाय' म्हणत वाढलेली मी 'है' म्हणायला लागले. भाजीला सब्जी, भाताला चावल, आणि वहिनी म्हणून हाक मारणारं कुणी नसल्यामुळे मी सगळ्यांची भाभीजी झाले. पहिल्याच रात्री पोलादाच्या कारखान्याच्या बाजूचं आभाळ एकदम लाल झालं. मी यांना गदागदा हलवून उठवलं, म्हटलं आग लागली. हे कुशीवर वळून म्हणाले, "भट्टीचा मळ ओतलाय. रोजच ओततात. झोप." कारखान्यात रोज ओतायचे आणि मी रोज दचकायचे. पुढे मुलं झाली, ती त्या लाल उजेडात पाढे म्हणायला लागली, तेव्हा कुठे माझं दचकणं कमी झालं.

पण तारवाल्याची सवय झाली नाही. तो सायकलवरून सेक्टरात शिरला की आम्ही सगळ्या बायका दारात यायचो आणि गप्प उभ्या राहायचो. बंगाली दीदी मनात काहीतरी पुटपुटायची. तो ज्या दारापाशी उतरेल ते दार सोडून बाकी सगळी दारं सुटकेचा श्वास टाकायची, आणि मग सगळ्या जणी त्या एका दाराकडे धावायच्या.

एकदा तो माझ्या दारापाशी उतरला. आई गेली होती. तार हातात पडायला, यांना शिफ्टवरून बोलावून आणायला, मनमाडला गाडी बदलायला जो वेळ गेला, त्यात सगळं आटोपलं. मी गल्लीत शिरले तो तिसरा दिवस होता. माणसं सावडून परत येत होती. आप्पा ओट्यावर बसले होते. त्यांनी एकदाच माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मान खाली घातली. आईचा चेहरा मला दिसला नाही. तेव्हापासून माझ्या भीतीला एक आकार आला. आता आप्पांच्या वेळीही मी अशीच तिसऱ्या दिवशी पोचणार. मी त्यांची एकुलती, थोरली मीच आणि धाकटी मीच. माझ्याऐवजी धावून जाणारं दुसरं कुणी नाही.

आप्पांना 'तिकडे चला' म्हणून किती सांगितलं. ते ऐकत नसत, आणि त्याचं कारण क्लब. क्लब म्हटलं की हल्ली लोकांच्या डोळ्यांपुढे पत्ते येतात. आमचा क्लब म्हणजे भिंगारच्या बाजारात सायकलच्या दुकानावरची एक लांब खोली. तिथे दर शनिवारी संध्याकाळी गाणं-बजावणं चालायचं. गाणारे-वाजवणारे सगळे पोटापाण्याला दुसरंच काही करणारे होते. दिनूकाका शिंपी, तबल्याचा एक जण पोस्टात, आप्पा लष्कराच्या डेपोत मालाची मोजदाद करायला. पलटणीच्या बँडातला एक रिटायर माणूस भिंगारात राहिला होता, त्याच्याकडून आप्पा क्लॅरिओनेट शिकले. ऐकणारे जिन्याच्या पायऱ्यांवर बसायचे. खाली रस्त्यावरही माणसं सायकली भिंतीला टेकवून उभी राहायची. आप्पांनी पिलूतली एक धून सुरू केली की जिन्यावरच्या विड्या विझायच्या, असं दिनूकाका सांगत. मी लहानपणी त्यांच्या मांडीशी बसून ती ऐकलेली आहे. जगात मला भीती न वाटण्याची तेवढीच एक वेळ होती.

पण त्याच खोलीत एक जागा मला अजिबात नको असायची, ती म्हणजे दक्षिणेची भिंत. क्लबाचा शिरस्ता असा होता, की वादक वारला की त्याचा फोटो दक्षिणेच्या भिंतीवर लागायचा. पुढच्या वर्धापनदिनाला त्याच्या थोरल्या मुलानं किंवा मुलीनं येऊन त्या फोटोला पहिला हार घालायचा, आणि मंडळींनी त्या माणसाची आवडती धून वाजवायची. टाळ्या वाजवायच्या नाहीत. जिवंत माणसाचा फोटो त्या भिंतीवर लावायचा नाही, मग तो दहा जणांच्या घोळक्यातला का असेना. मी कायम त्या भिंतीकडे पाठ करून बसायचे. आप्पा हसायचे आणि म्हणायचे, "अगं, ती आपलीच मान्सं हायेत."

दुष्काळाचं ते वर्ष. आप्पांची पत्रं नेमानं यायची, ती दिवाळीनंतर बंद झाली. मी दोन कार्डं टाकली, उत्तर नाही. मग एक छापील निमंत्रण आलं. क्लबाला पंचवीस वर्षं झाली होती. त्या निमित्तानं जुने फोटो आणि जुनी वाद्यं यांचं प्रदर्शन होतं. खाली आप्पांच्या अक्षरात दोनच वाक्यं होती. 'तू हजर पाहिजेस. कसंही करून ये.'  आप्पांनी आयुष्यात मला कधी 'ये' म्हणून लिहिलं नव्हतं. 'सवड झाली तर' असं लिहायचे, आणि पुढे 'तिकडचं सोडून येऊ नको' असंही लिहायचे.

मुलांची सहामाही परीक्षा, त्यामुळे हे आणि मुलं भिलाईलाच राहिली. नाशिकला निघालेल्या एका कुटुंबाच्या सोबतीनं मी मनमाडपर्यंत आले. मी कोणत्या गाडीनं येते ते यांनी आप्पांना आधीच कळवून ठेवलं होतं. मनमाडला कळलं की नगरकडची पॅसेंजर लेट आहे, किती लेट ते स्टेशनमास्तरलाही ठाऊक नाही. लेट हा शब्द ऐकला आणि मी तिथे थांबूच शकले नाही. बाहेर येऊन एसटी धरली. कोपरगावपर्यंत ऊस दिसला, राहुरीच्या पुढे सगळं उघडं. रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावरच्या बायका खडी फोडत बसल्या होत्या. तोंडाला पदर गुंडाळलेल्या, त्यामुळे कुणाचा चेहरा दिसेना. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुठलं गाव, ताई?" मी म्हटलं, "भिंगार." मग तिनं विचारलं, "कोन हाय तिथं?" मला 'वडील आहेत' म्हणायचा धीर झाला नाही. उगाच दृष्ट लागायची. मी म्हटलं, "माहेर."

स्टँडवरून टांगा केला. बाजारामागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या, त्यांना कुलूप. शेजारच्या घरालाही कुलूप. ओट्यावर पातेरा साचलेला. आप्पा रोज सकाळी आंघोळीच्या आधी ओटा झाडायचे, पावसात सुद्धा. मी टांगेवाल्याला म्हटलं, "बाजारात चला, क्लबापाशी." त्यानं विचारलं नाही कोणता क्लब. भिंगारात तो एकच.

जिन्याला आंब्याचं तोरण होतं. दारात छातीला फीत लावलेला एक तरुण उभा होता. मी त्याला ओळखत नव्हते, तो मला ओळखत नव्हता. सकाळचं उद्घाटन आटोपून पाहुणे गेले होते आणि जुनी मंडळी जेवायला घरी पांगली होती. आत चार-सहा माणसं हात पाठीमागे बांधून फोटो बघत होती. मी ट्रंक दाराशी ठेवली, चपला काढल्या आणि आत पाय टाकला. लहानपणची सवय अशी, की दक्षिणेची भिंत टाळण्यासाठीच आधी तिच्याकडे डोळा जातो.

भिंतीवर आप्पा होते.

डेपोतून निवृत्त झाले तेव्हाचा काळ्या कोटातला फोटो, हातात क्लॅरिओनेट. फोटोला झेंडूचा ताजा हार.

मी ओरडले नाही. भित्री माणसं ओरडत नाहीत, हे लोकांना माहीत नसतं. माझे कान बंद झाले, पायाखालचं जाजम मऊ लागायला लागलं, आणि मनात एकच वाक्य आलं, की पुन्हा उशीर झाला. फीतवाला तरुण जवळ आला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही कुणाकडच्या?" आता मी नाव सांगितलं, की तो सगळं सांगणार. कधी गेले, कशानं गेले, शेवटी माझं नाव काढलं का. मी म्हटलं, "कुणाकडची नाही. सहज आले बघायला." तो म्हणाला, "मग इकडनं सुरू करा, उत्तरेकडनं."

आणि खरंच, मी उत्तरेकडून सुरू केलं. आता हे लिहिताना मलाच वेडेपणा वाटतो. पण मी विचारलं नाही तोवर आप्पा पुरते गेलेले नव्हते, असं काहीतरी माझं गणित होतं. जेवढा वेळ प्रदर्शन बघण्यात जाईल तेवढा वेळ मी मुलगी होते. मी एकेका फोटोपुढे थांबले. पहिल्या वर्षीची मंडळी, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या. गणपतीतला कार्यक्रम. पावसाळ्यात छत गळायचं म्हणून पेटीवर छत्री धरलेले दिनूकाका. टेबलावर जुनी पायपेटी, फुटलेला डग्गा, तबल्याची हातोडी, आणि कंदील. प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी. मी सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या, काही दोनदा वाचल्या, आणि एकही डोक्यात शिरली नाही. तोंडाला कोरड पडली होती. कोपऱ्यात माठ होता, त्यावर 'पाणी जपून वापरा' लिहिलं होतं. मी एक घोट घेतला आणि पेला पालथा ठेवला.

टेबलाच्या शेवटी काचेच्या पेटीत निळ्या मखमलीवर आप्पांची क्लॅरिओनेट होती.

फोटोच्या बाबतीत मनाची समजूत घालता आली असती. कुणाची चूक झाली असेल, कुणी नवखा असेल. पण क्लॅरिओनेट? ती आप्पांनी आईलाही कधी पुसू दिली नाही. रात्री उशाशी घेऊन झोपायचे. एकदा डेपोतल्या साहेबानं जरा बघू म्हणून हात पुढे केला, तर आप्पांनी वाजवून दाखवली पण हातात दिली नाही. ती आप्पांच्या हातून सुटून काचेखाली आली होती, म्हणजे सोडवून घेतल्याशिवाय आलेली नव्हती. मी टेबलाला धरून उभी राहिले. आता उरली फक्त दक्षिणेची भिंत. तिच्यापर्यंत जायचं, वाकून नमस्कार करायचा आणि मग विचारायचं. तेवढं मला जमत नव्हतं.

मागून जिना वाजला. "आं? शाले, तू हितं?"

दिनूकाका होते. हातात सतरंजीची गुंडाळी. त्यांनी ती तिथेच टाकली. "अगं, आप्पा तिकडं ठेसनात बसलाय सकाळधरनं. पाशिंजर लेट हाय, तरी उठना. जेवाय सुदिक आला न्हाई. अन् तू हितं कशी?"

मी जाजमावर बसले.  आणि मग मला जे रडू आलं ते आई गेली तेव्हाही आलं नव्हतं. दिनूकाका घाबरून पाणी आणायला धावले, फीतवाल्याला सायकलवरून स्टेशनाला पिटाळलं. मी पदरानं तोंड पुसून भिंतीकडे बोट केलं. "मग हे काय आहे, काका? तो हार?"

काकांनी तिकडे बघायचं टाळलं. "त्ये त्यालाच इचार. आमी लई भांडलो. म्या तर म्हनलं, हे असलं करनार असशील तर मी पेटी उचलून घरी जातो. ऐकतोय का त्यो?"

आप्पा जिवंत होते. मला वाटलं होतं भीती आता जाईल. ती गेली नाही, तिनं फक्त जागा बदलली. जिवंत माणूस स्वतःच्या फोटोला हार घालून घेतो, म्हणजे त्याच्या मनात आहे तरी काय? जीव द्यायला विहिरींत पाणी नव्हतं, पण त्या वर्षी माणसांनी जिवाचं बरंवाईट करून घेतल्याच्या गोष्टी येताना एसटीतही ऐकल्या होत्या. मी जिन्याकडे डोळे लावून बसले.

मग सायकलची घंटा वाजली. जिना चढताना आप्पा मध्येच एकदा थांबले, दम खाल्ला, आणि वर आले. मी त्यांना त्यांच्या टोपीवरून ओळखलं. चेहरा ओळखू येईना. गाल आत गेलेले, ओठ तोंडात ओढलेले, हनुवटी वर आलेली. तोंडात एकही दात नव्हता.

"पाशिंजरीनं यायचं कळवलं हुतं ना?" ते म्हणाले. शब्द तोंडातून हवेसारखे निसटत होते. "मी डबा न् डबा बघितला असता."

मी म्हटलं, "आप्पा, दात?"

"काढले. हिरड्या पिकल्या, सगळेच काढले. दिवाळीनंतर." त्यांनी हात झटकला. "बोलायला सुदरत न्हवतं, म्हनून म्हनलं लिवायचं बी कशाला. तू उगा घाबरली असतीस."

पत्र न आल्यानं मी घाबरणार नाही असं त्यांना वाटलं होतं, ह्याला काय म्हणावं? वाजवणाऱ्याच्या घरी वाढल्यामुळे पुढचं मला सांगावं लागलं नाही. क्लॅरिओनेट वरच्या दातांच्या आधारानं धरतात. दात नसले की ओठ धरत नाहीत, सूर फाटतो. आप्पांनी पंचवीस वर्षं दर शनिवारी जे केलं ते आता त्यांना करता येणार नव्हतं. "कवळी बसवून बघितली," दिनूकाका मध्येच म्हणाले. "टिकना. सुरात ती बी हलती."

"म्हनून हार घातला?" मी विचारलं. रागाने माझी भाषा गल्लीतली झाली होती. "वाजवनं सुटलं म्हनून जित्या मानसानं हितं जाऊन बसायचं व्हय?"

आप्पा माझ्या शेजारी जाजमावर बसले. टोपी काढून हातात फिरवत राहिले. मग हळूहळू, शब्द जुळवत बोलले.

"वाजवनारा तर गेलाच, शाले. त्याचं काय एवढं न्हाई. पन दुसरं हाय. आई गेली तवा तू गल्लीत शिरलीस. तुजं त्ये तोंड मी बघितलं. मला पुन्ना तसलं तोंड बघायचं न्हाई." त्यांनी टोपी उलटी केली. "म्हंजी माझ्या येळी मी बघायला नसनारच. तरी बी."

दिनूकाका उठून खिडकीपाशी गेले.

"तार मिळनार, तू रातोरात निघनार, एकली. मनमाडला बसून राहनार. हितं यीस्तवर सावडलेलं असनार. आन मंग वर्धापनदिनाला पुन्ना हार घालाय तुला बोलवनार. मी म्हनलं, ती येतीच हाय, तर तिच्या हातनं आत्ताच घालून घ्यावा. मी बी बघीन. उशीर झाला असं तुला म्हनाय नको. सकाळी तुज्याच हातनं घालायचा हुता, पर पाव्हनं खोळंबलं, म्हनून दिनूला बळंच घालाय लावला. त्ये काय धरायचं न्हाई. तू घाल."

मी म्हटलं, "मी घालणार नाही."

"का?"

"जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, आप्पा. अशुभ असतं."

"मंग कवा घालशील?" आप्पांनी विचारलं. आवाज अगदी मऊ होता. "तिसऱ्या दिशी?"

 फोटो बघणारी माणसं आमच्याकडे वळून बघत होती. मला आप्पांचा इतका राग आला होता, की आईनं त्यांना असं काही करू दिलं असतं का म्हणून मी बोलणारही होते. पण त्यांच्याकडे बघितलं तर ते टोपी छातीशी गच्च धरून बसले होते. गज हलवून बघणारे, डब्यातून उतरायला तयार नसलेले आप्पा. इतकी वर्षं मला प्रश्न पडायचा, मी आईचा काय गुण घेतला नि आप्पांचा काय. भीती मी कुणाकडून घेतली ते तेव्हा समजलं. ते माझ्याहून जास्त घाबरलेले होते, आणि घाबरून घाबरून त्यांनी हा एक उपाय शोधला होता.

मी उठले. दक्षिणेच्या भिंतीपाशी पहिल्यांदा इतक्या जवळून गेले. स्टुलावर चढून हार काढला. दिनूकाकांनी घातलेला तोच हार पुन्हा दोन्ही हातांत धरला. हातांना इतका घाम सुटला होता की पाकळ्या चिकटल्या. खाली आप्पा मान वर करून बघत होते.

"पेटी धर, दिनू," ते म्हणाले.

"मी न्हाई धरनार," काका खिडकीतूनच म्हणाले.

"धर रं."

काकांनी पेटी ओढली. पाठ आमच्याकडे करून त्यांनी पिलूतली ती धून सुरू केली. पेटीवर ती वेगळीच वाटत होती. मी हार घातला. माझे वडील माझ्यामागे उभे राहून श्वास घेत होते, तो मला ऐकू येत होता, आणि मी त्यांच्या फोटोला हार घालत होते. याहून भीतिदायक काम मी आयुष्यात केलेलं नाही. "डाव्या अंगाला जरा खाली घे," आप्पा म्हणाले. मी घेतला. "आत्ता बराबर हाय," म्हणाले. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

नंतर घरी गेलो. आप्पांनी आधी ओटा झाडला, मग भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, दोन घास जास्तच खाल्ले. मी असेपर्यंत चार दिवस त्यांचं चित्त इतकं शांत होतं, की शेजारणीही म्हणाल्या, लेक आल्यानं म्हातारा खुलला. निघताना ते स्टेशनावर आले. डब्यात चढले नाहीत. खिडकीशी उभे राहून म्हणाले, "आता तार आली तर धावत सुटू नकोस. पोरांचं बघ, नवऱ्याच्या शिफ्टा बघ, मंग सवडीनं ये. तुजं काम झालेलं हाय."

या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. आप्पा आहेत. पत्रं पुन्हा नेमानं येतात. शनिवारी क्लबात जातात आणि म्हणे त्या फोटोखालीच बसतात, कारण तिथे वारा चांगला लागतो. दिनूकाका त्यांना चहा द्यायच्या आधी विचारतात, मेलेल्याला साखर किती. आप्पांनी हे मला मोठ्या खुशीत कळवलं आहे. मी ते वाचून हसले, आणि रात्री उठून देवापुढे दिवा लावला.

तुम्ही जे मागे राहिलात, तुम्हाला वाटतं आम्ही गेलो आणि सुटलो. आणि तुम्ही जे माझ्यासारखे गेलात, तुम्हाला वाटतं की कधीतरी इथलंच घर होईल आणि तिकडची ओढ आपोआप सैल पडेल. माझी मुलं सेक्टरालाच गाव म्हणतात. त्यांचं बरोबर आहे. मलाही इथल्या बाजारातला भाजीवाला आता नावानं ओळखतो, आणि रात्रीच्या लाल आभाळाखाली मला झोप लागते. पण ज्याच्यासाठी अंगावरच्या साडीनिशी पळत सुटावं असं माणूस जिथे आहे, तेवढंच माझं घर आहे. ते माणूस गेल्यावर घर कुठे असेल, ते मला माहीत नाही, आणि तो विचार मी करत नाही.

पलंगाखाली मी एक पिशवी भरून ठेवते. दोन साड्या, टॉवेल, रेल्वेचं वेळापत्रक, आणि वाटेत खायला शंकरपाळे. शंकरपाळे मुलं शोधून फस्त करतात, मी पुन्हा करून भरते. परवा यांनी काही शोधताना ती पिशवी बाहेर ओढली. उघडून बघितली, आणि त्यांना समजलं.

"अगं, पण आप्पांनी तर तुला मोकळं केलंय ना?" हे म्हणाले. "उशीर झाला तरी चालेल म्हणालेत ना ते?"

"ते म्हणालेत," मी पिशवीचे बंद पुन्हा बांधत म्हटलं. "मी नाही म्हटलं."